एकोणनव्वद ठिपक्यांची बशी

१

मुलांनो, एक लोखंडी कपाट डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटू नका हं, नाहीतर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच आणा. उंच, करड्या रंगाचं, दार कुरकुरणारं. आत एका फळीवर नऊ जाडजूड वह्या उभ्या आहेत, बसच्या रांगेतल्या माणसांसारख्या एकमेकींना खेटून. आता त्यातली मधली काढून घ्या. काय राहिलं? काळोखाची एक उभी फट.

अशाच एका फटीकडे बघत तीन मोठी माणसं उभी होती. चौथी होती दहा वर्षांची एक मुलगी. ती एका जागी टिकत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. त्या सकाळी मात्र तिचे पाय फरशीला चिकटले होते.

"पाच नंबरची वही कुठाय?" मोठ्या सरांनी विचारलं. ते त्या प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांना आवाज चढवावा लागत नसे. ते हळू बोलले की समोरच्याच्या पोटात गोळा यायचा.

"असायला हवी, सर," भिंगरीची आई म्हणाली. तिचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा पांढरा पडला होता.

तिसऱ्या होत्या एक म्हाताऱ्या बाई. राहिलेल्या वह्यांच्या वरच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ बघितली आणि ती रुमालाला पुसली.

भिंगरीची आई त्या प्रयोगशाळेत ठिपके मोजायची. हसू नका, अवघड काम आहे ते. पाण्याचे थेंब काचेच्या बशीत पसरायचे, बशी एक दिवस उबेत ठेवायची. पाण्यात जितके जंतू, तितके ठिपके दुसऱ्या दिवशी बशीत उमटतात. ते भिंगातून मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा.

मोठ्या सरांनी पाणी शुद्ध करायची एक पूड तयार केली होती. साध्या पाण्याच्या बारा बशा आणि पूड घातलेल्या पाण्याच्या बारा बशा आईने मोजल्या. त्या आकड्यांवर सरांनी लेख लिहिला आणि तो शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या पत्रिकेत छापून आला. साध्या पाण्यात ऐंशीच्या वर ठिपके, पुडीच्या पाण्यात जेमतेम चाळीस. जंतू निम्म्यावर! मग काय, वाहवा झाली. सोमवारपासून शहरातल्या सगळ्या शाळांच्या टाक्यांत ती पूड पडणार होती आणि शाळांनी पाणी उकळणं बंद करायचं, असं ठरलं होतं. गेल्याच वर्षी भिंगरीच्या बाकावरची मैत्रीण शाळेतल्या पाण्याने आजारी पडून आठ दिवस दवाखान्यात होती. त्यामुळे पुडीची बातमी ऐकून भिंगरीने टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि मग पत्रिकेकडे एक निनावी पत्र आलं. 'पुडीच्या लेखातले साध्या पाण्याचे आकडे बनावट वाटतात. तपासावेत.' पत्रिकेने तपासायला या म्हाताऱ्या बाईंना पाठवलं. त्यांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं, म्हणजे छपाईआधीचे कच्चे कागद, तपासली होती. आता त्या लेखांमधली लबाडी तपासायच्या. सगळे त्यांना तपासनीसबाई म्हणत.

"दुपारी चारला समिती बसेल," सर म्हणाले. "वही हरवली असेल तर वह्या सांभाळणाऱ्या बाईंना ताकीद मिळेल. पण एका निनावी चिठ्ठीवरून छापलेला लेख कुणी मागे घेत नाही. सोमवारचं काम ठरल्याप्रमाणे होईल."

भिंगरीला एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती कुणाला सांगायची नाही असं आईने बजावलं होतं. त्या साध्या पाण्याच्या बशांचे आकडे आईने लिहिलेच नव्हते.

ते भिंगरीने लिहिले होते.

२

झालं होतं असं. पुडीच्या बशा आईने शनिवारी मोजल्या आणि मोजून झाल्यावर बर्नरवर तिची उजव्या हाताची बोटं भाजली. चांगली दोन बोटं पट्टीत गुंडाळावी लागली. साध्या पाण्याच्या बशा रविवारी मोजायच्या होत्या. बशा काही थांबत नाहीत, वेळ टळली की ठिपके एकमेकांत मिसळतात. रविवारी प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. मग आईने डाव्या हातात भिंग धरलं, ती आकडे सांगत गेली आणि भिंगरी लिहीत गेली.

पण वहीच्या पहिल्याच पानावर नियम होता : ज्याने पाहिलं त्यानेच लिहायचं आणि खाली सही करायची. भिंगरीच्या अक्षराखाली आईने दोन दिवसांनी स्वतःची सही केली. वही हरवली तर ताकीद मिळते. खोटी सही सापडली तर नोकरी जाते, आणि नोकरीबरोबर आवारातली दोन खोल्यांची जागाही.

'मीच काहीतरी चुकीचं लिहिलं असणार,' भिंगरीच्या मनात आलं.

तपासनीसबाई ग्रंथालयात चौकशी करणार होत्या. भिंगरी त्यांच्या आधी तिथे पोचली आणि वर्तमानपत्रं टांगायच्या उंच लाकडी घोडीमागे दडून बसली.

पहिले सर आले.

"वह्या तुम्ही कधी चाळल्या होत्या?" बाईंनी विचारलं.

"मी?" सर हसले. "बाई, मी वह्या उघडत बसलो तर विचार कधी करू? त्यासाठी माणसं ठेवली आहेत. माझ्याकडे टाइप झालेला तक्ता येतो."

"म्हणजे लेखावर तुमचं नाव पहिलं, पण मूळ आकडे तुम्ही पाहिलेच नाहीत?"

सरांचं हसू मावळलं. "जगभर असंच चालतं."

"जगभर फिरले नाही मी. मी आपली इथलं विचारतेय. कपाटाची किल्ली?"

"दाराजवळच्या खिळ्याला. कुणीही घेऊ शकतं." खुर्ची मागे ढकलून सर उठले.

मग कार्यालयातले टायपिस्ट काका आले. ते घाबरले की जास्त बोलायचे, आणि आज तर नळ सुटल्यासारखे बोलत होते.

"बाई, मी दिसतं ते टाइप करतो. अर्थ कळायला लागला की माझी बोटं अडखळतात, म्हणून मी कळून घेतच नाही. शपथेवर सांगतो."

"वही समोर ठेवून टाइप करता?"

"छे! वही कोण देतंय मला? भिंगरीची आई पानाचा फोटो फोनवर पाठवते. आधी पुडीच्या बशांच्या पानाचा आला, मग साध्या पाण्याच्या. मी आपला फोटो मोठा करतो आणि खटाखट मारतो इंग्रजीत. वही हिरवी आहे की निळी, विचाराल तर तेही सांगता यायचं नाही मला."

"फोटो आहे अजून?"

"गेला हो. गेल्या महिन्यात फोन बादलीत पडला. बायको म्हणाली, बरं झालं, आता तरी घरात बोलाल." एवढं बोलून ते स्वतःच हसले. बाई हसल्या नाहीत, तसे ते कपाळ पुसत निघून गेले.

आईच्या फोनमधले जुने फोटो तर जागा नाही म्हणून कधीच पुसले गेले होते, हे घोडीमागच्या भिंगरीला ठाऊक होतं. आता त्या पानाची खूण कुठेच उरली नव्हती. एक वही सोडून.

३

तिसरे आले ते शेजारच्या विभागातले एक शास्त्रज्ञ. प्रत्येक सभेत शेवटी हात वर करून 'मला एक शंका आहे' म्हणायचे, म्हणून त्यांना सगळे शंकेखोर म्हणत. प्रयोगशाळेत सकाळपासून कुजबुज होती की वही यांनीच पळवली असणार. सरांशी त्यांचं विळ्या-भोपळ्याचं नातं होतं.

बाईंनी पत्र त्यांच्यापुढे सरकवलं. "हे तुमचं?"

"निनावी आहे ते," शंकेखोर म्हणाले.

"आहे ना. पण निनावी पत्राला तीन तळटीपा आहेत आणि शेवटी संदर्भांची यादी. असं निनावी पत्र लिहिणारी माणसं या इमारतीत किती असतील?"

शंकेखोरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सवय, दुसरं काय! नाव घालायचा धीर झाला नाही, बाई. माझा पुढचा लेख परीक्षणाला सरांच्याच हाताखालून जाणार. त्यांनी मनात आणलं तर तो दोन वर्षं कुजेल."

"वही तुम्ही नेलीत का?"

"मी कशाला नेऊ? वही सापडावी असं वाटणारा मी एकटाच आहे इथे. त्या प्रयोगशाळेत आजवर माझं पाऊलही पडलेलं नाही. मला सर दारातूनच परत पाठवतात."

"मग आकडे बनावट कशावरून?"

शंकेखोर पुढे वाकले. आता त्यांना भीती आठवत नव्हती. "साध्या पाण्याचे बारा आकडे बघा. सगळे ऐंशीच्या घरातले. ऐंशी ते एकोणनव्वद असे दहा आकडे होतात. त्यातले पाचच पुन्हा पुन्हा येतात. ऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद. मधले पाच एकदाही नाहीत! एका गल्लीत दहा घरं आणि त्यातल्या नेमक्या पाच घरांत कुणी राहतच नाही. जंतू असे वागत नाहीत, बाई. हे आकडे कुणीतरी घरी बसून रचलेत. आणि वही फक्त भिंगरीच्या आईच्या हातात असते."

ते गेले. भिंगरीला रडू कोसळणार होतं, ते तिने ओठ चावून धरलं.

"वर्तमानपत्रांना पाय असतात, हे मला नव्हतं ठाऊक," तपासनीसबाई म्हणाल्या. "त्यातून एका पायातल्या बुटाचा बंद सुटलाय. ये बाहेर."

४

भिंगरी बाहेर आली.

"आजी, मी काही—"

"आजी म्हणू नकोस. घरी चार जण तेच म्हणून डोकं खातात. बाई म्हण. वाचता येतं ना? मग मला मदत कर. माझे डोळे दमलेत." बाईंनी छापील अंक उघडला आणि ओळीखाली लाकडी पट्टी धरली. "मी वाचते, तू आकड्यावर बोट ठेव. मुद्रितं अशीच तपासतात, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं. साध्या पाण्याची पहिली बशी, एकोणनव्वद. दुसरी, त्र्याऐंशी. तिसरी, ऐंशी. चौथी, अठ्ठ्याऐंशी. पाचवी, ब्याऐंशी. सहावी, पुन्हा एकोणनव्वद—"

"नाही!"

भिंगरीच्या तोंडून ते निसटलंच. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण निसटलेलं थोडंच परत आत जातं!

बाईंनी पट्टी खाली ठेवली. त्या रागावल्या नाहीत की पुढेही झुकल्या नाहीत. नुसत्या थांबल्या. थांबणं ही त्यांची खास विद्या होती.

"आई एकदासुद्धा 'एकोण' म्हणाली नाही," भिंगरी कुजबुजली. "मला एकोणवाले आकडे जमत नाहीत. एकोणचाळीस म्हटलं की मी हटकून एकोणपन्नास लिहिते. शाळेत सगळे हसतात. त्या दिवशी मी प्रत्येक बशीला मनात म्हणत होते, एकोण नको, एकोण नको. आणि आलाच नाही. एकदाही नाही. सगळे चाळीसच्या घरातले, सोपे सोपे होते. घरी जाताना मी आईला म्हटलंसुद्धा, जंतू चांगले होते म्हणून!"

एवढं बोलल्यावर तिला कळलं की आपण काय सांगून बसलो. ती खाली फरशीवरच बसली.

"माझ्या आईला काढून टाकतील का हो?"

खोटा धीर देणाऱ्यातल्या बाई नव्हत्या. "ते मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "पण तू चाळीस लिहिलेस आणि ऐंशी छापले गेले. मधे काय झालं ते आपल्याला शोधायचंय. ऊठ. हा कागद घे. शून्यापासून नऊपर्यंत आकडे लिही, शाळेत लिहितेस तसेच. सुबक काढायला जाऊ नकोस."

भिंगरीने लिहिलं. बाईंनी कागद वळवून स्वतःपुढे घेतला, आणि त्यांची पट्टी हवेतच थांबली.

"अगं पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "चारचं तोंड तू नेहमी असंच बंद करतेस?"

५

"शाळेत आमच्या बाई रोज ओरडतात," भिंगरी म्हणाली. "चारचं तोंड उघडं ठेव म्हणून. माझी वरची टोकं चिकटतात."

बाईंनी भिंगरीच्या मराठी आकड्यांखाली इंग्रजी आकडे काढले. शून्याखाली 0, एकाखाली 1, दोनाखाली 2, असे थेट नऊपर्यंत.

"आता एक गंमत कर. मराठी तुला येतच नाही असं समज. तू टायपिस्ट काका आहेस. आधीच्या पानावर तुझ्या आईचे आकडे होते. ती कशात लिहिते?"

"इंग्रजीत. प्रयोगशाळेत सगळे इंग्रजीतच लिहितात."

"मग हेही पान इंग्रजीतच असणार, असं काकांनी धरून चालायचं. अर्थ तर ते कळून घेतच नाहीत. आता हा तुझा चार बघ. तोंड बंद. इंग्रजी डोळ्याला काय दिसेल?"

भिंगरीने डोळे बारीक केले. "आठ! इंग्रजी 8!"

"आणि हा एक?"

"१... हा तर 9 दिसतोय!"

"दोन, तीन आणि शून्य?"

"ते दोन्हीकडे सारखेच आहेत."

"तर मग सांग, तू ४१ लिहिलंस तर काकांनी काय टाइप केलं?"

भिंगरीने कागदावर बोट ठेवलं. "89," ती म्हणाली आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. "एकोणनव्वद! आणि ४३ चे 83. ४४ चे 88. ४० चे 80. ४२ चे 82."

"शंकेखोरांच्या गल्लीतली पाच घरं. बाकीची पाच रिकामी का, तर तू चाळीस ते चव्वेचाळीस यांच्या बाहेर काही लिहिलंच नाहीस. कुणी काही रचलं नाही. एका डोळ्याने चुकीच्या लिपीत वाचलं, एवढंच."

भिंगरी नाचायलाच लागणार होती. म्हणजे आईने लबाडी केली नव्हती. काकांनीही नाही. साधी चूक! पण तेवढ्यात तिची नजर छापील तक्त्याच्या दुसऱ्या रांगेवर गेली. पुडीच्या बशा. बेचाळीस, चाळीस, त्रेचाळीस, एकोणचाळीस, चव्वेचाळीस, एक्केचाळीस... हे आईने स्वतः इंग्रजीत लिहिलेले. हे बरोबर छापलेले.

"बाई," ती म्हणाली. "साध्या पाण्यात चाळीस. पुडीच्या पाण्यातही चाळीस."

"हो."

"मग पूड काय करते?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "विषारी नाही ती. पण सोमवारपासून सगळ्या शाळा पाणी उकळायचं थांबवतील, आणि मुलं पूर्वीचंच पाणी निर्धास्तपणे पितील."

खिडकीतून ऊन येत होतं, तरी भिंगरीला थंडी वाजली.

६

"चला ना मग! आत्ताच सांगू," ती उठलीच.

"काय सांगायचं? हा नुसता तर्क झाला. सर म्हणतील, म्हातारीने आणि पोरीने मिळून कोडं रचलंय. पुरावा त्या वहीत आहे. वही कुणी नेली?"

"सरांनी! पूड त्यांची आहे."

"मलाही तसंच वाटलं असतं तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. "पण बघ. कपाटात वह्या नऊ. पाठीवर नुसते नंबर. कुठल्या दिवसांचे आकडे कुठल्या वहीत, ते बाहेरून कळत नाही. पत्रातही वहीचा नंबर नव्हता. राहिलेल्या आठ वह्यांवरची धूळ सकाळी मी पाहिली. सायीसारखी जमलेली होती, कुठे बोट उमटलेलं नव्हतं. म्हणजे नेणाऱ्याने शोधाशोध केली नाही. हात घातला तो थेट पाचवीवर."

भिंगरी ऐकत होती.

"सर वह्या उघडत नाहीत. खोटं बोलले असते तर 'उघडतो' असंच बोलले असते, त्यात त्यांची शान होती. टायपिस्ट काकांना वहीचा रंगही माहीत नाही. शंकेखोर दाराच्या आत कधी गेले नाहीत."

"पण सरांनी आईला नंबर विचारून घेतला असेल तर?" भिंगरीने घाईघाईने विचारलं.

"तर आईने ते सकाळी मला सांगितलं असतं. तिच्यावर संशय येत होता, सांगायला काय हरकत होती?"

एकच माणूस उरलं होतं. सकाळचा तो चुन्यासारखा चेहरा तिला दिसला, आणि ते 'असायला हवी, सर.' आई 'हरवली' म्हणालीच नव्हती.

बाईंनी पट्टी आणि अंक पिशवीत घातला. "पावणेचार झाले. मी वर समितीपुढे जाते. मी माझा तर्क सांगेन. अक्षर कुणाचं ते सांगणार नाही. पाहिलं त्यानेच लिहायचं, हा नियम मलाही लागू आहे, आणि त्या रविवारी मी तिथे नव्हते. वही मी कुणाच्या पिशवीतून ओढून काढणार नाही. ओढून काढलेली वही चोरीचा माल ठरते. आणून दिलेली वही पुरावा ठरते."

दारात त्या थांबल्या. "भीती वाटतेय?"

"खूप."

"वाटणारच. मलाही वाटते, दर वेळी," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

त्यांची पावलं जिन्यावर विरतात न विरतात तोच दार पुन्हा ढकललं गेलं. दारात आई उभी होती.

७

"काय काय सांगितलंस त्यांना?" आईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भिंगरीला बरं वाटलं असतं.

"सगळं."

आई खुर्चीवर बसली, खांद्यावरची पिशवी मांडीवर घेतली आणि डब्याखालून नॅपकिनमध्ये गुंडाळलेली वही काढली. हिरवी होती ती.

"तीन दिवस घेऊन हिंडतेय," ती म्हणाली. "बशा इतक्या मोजते की आकडे लक्षात राहत नाहीत; पत्राची बातमी कळली तेव्हा पान उघडून छापलेल्या आकड्यांशी ताडून बघितलं आणि त्याच क्षणी कळलं मला. पान फाडायला गेले. हात चालला नाही गं. परत ठेवायला गेले, तेही जमलं नाही. घास उतरत नाही घशाखाली."

"आई, पूड काहीच करत नाही."

"माहीत आहे."

"मग आपण—"

"ऐक. मी जाते वर, वही देते." आईने तिचे खांदे धरले. "मी सांगणार आहे की हे मीच लिहिलं, डाव्या हाताने. बोटं भाजली होती ते सगळ्यांना माहीत आहे. सही माझी, अक्षरही माझंच ठरेल. मग खोटी सही उरत नाही. पूड थांबेल, माझी नोकरी राहील, आपलं घर राहील. तू त्या दिवशी तिथे नव्हतीसच. कळलं?"

भिंगरीला हायसं वाटलं. खरंच वाटलं. सगळं किती सोपं होतं! एवढं एकच वाक्य बोलायचं, तेही आईने. आपण नुसतं गप्प बसायचं.

"पण त्यांनी लिहून दाखवा म्हटलं तर?"

आईने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर डाव्या हाताने काढलेल्या वेड्यावाकड्या आकड्यांच्या ओळी होत्या. ४१, ४१, ४३, ४०, पुन्हा ४१. पानभर. आईने सराव केला होता.

भिंगरीने तो कागद बराच वेळ बघितला. तिची आई, जी बशीतला एक ठिपका दोनदा मोजला गेला की सगळी बशी पहिल्यापासून मोजायची, ती आई इथे खोटं अक्षर गिरवत बसली होती. कुणासाठी, तेही तिला कळत होतं.

"तुझ्या चारचं तोंड उघडं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"तुझा चार 8 सारखा दिसत नाही. ते ओळखतील. आणि नाही ओळखलं तरी..." पुढचं तिला शब्दांत सांगता येईना. पत्रिकेत आधीच एक चुकीची गोष्ट छापली गेली होती. आता दुरुस्ती छापून येईल, आणि तीही खोटीच असेल.

वर घड्याळाचे चार ठोके पडले. आई उठली, पण टेबलाची कड सोडेना.

भिंगरीने वही उचलली.

"अगं थांब! भिंगरी!"

ती थांबली नाही. ती जिना चढली, एकेक पायरी, वही छातीशी धरून. समितीच्या खोलीबाहेर शिपाई बसला होता. "ए, पोरांना आत मनाई आहे," म्हणत त्याने हात आडवा केला. ती त्या हाताखालून आत गेली.

लांब टेबलाभोवती पाच माणसं होती आणि एका टोकाला तपासनीसबाई. मोठे सर हळू आवाजात काहीतरी सांगत होते. ते थांबले. "हिला आत कुणी सोडलं?" त्यांनी तितक्याच हळू विचारलं.

भिंगरीच्या पोटात गोळा आला. मागे दारात आईची धापा टाकणारी चाहूल लागली. तिने मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती रडली असती.

"सोमवारी टाक्यांत पूड टाकू नका," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं.

मग तिने एक खुर्ची ओढली. ती जड होती, फरशीवर घासत करकरली, पण मदतीला कुणी उठलं नाही. ती खुर्चीवर चढून बसली, वही टेबलावर ठेवली आणि रविवारचं पान उघडून समितीकडे वळवलं.

"हे अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "आई सांगत होती, मी लिहीत होते. तिलाही विचारा, पण आधी मला."